सपरी असलेलं घर

पवनीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी २००३ ते २०१२ अशी नऊ वर्षं काम केलं. सकाळी एमएस-सीआयटीच्या दोन बॅचेस, दुपारी टायपिंगची पोरं आणि संध्याकाळी डीटीपी. आमच्याकडे डीटीपी म्हणजे लग्नपत्रिका आणि तेरवीच्या पत्रिका. लग्नाची पत्रिका लाल-पिवळी, वर गणपती. तेरवीची काळ्या शाईत, वर गेलेल्या माणसाचा फोटो. दोन्ही एकाच मशीनवर व्हायच्या. त्याला आम्ही ‘मोठं मशीन’ म्हणायचो, कारण त्यात पेंटियम फोर होता, २५६ एमबी रॅम होती आणि फोटोशॉप अडू नये म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकलेलं होतं. बाकीच्या सात मशीन जुन्या.

२००६ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ नागपुरातून चार सीड्या घेऊन आला. ‘द सिम्स २’. मूळ खेळ येऊन दोन वर्षं होत आली होती, पण आमच्यापर्यंत तो तेव्हा पोचला. पहिला ‘सिम्स’ मी २००१ मध्ये नागपूरला हॉस्टेलवर असताना मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर खेळले होते. त्यात जिंकायचं काही नसतं, मारामारी नसते. एक रिकामी जागा घ्यायची, भिंती उभ्या करायच्या, शेगडी, पलंग, न्हाणी मांडायची आणि माणसं राहायला आणायची. त्यांना भूक लागते, झोप येते, एकटं वाटतं. स्वयंपाक न येणाऱ्याला शेगडीपाशी पाठवलं की आग लागते. शुद्ध भातुकली होती ती, आणि मला ती फार आवडली होती. एक गोष्ट मात्र तेव्हाही टोचायची. त्या खेळात बाळ तीन दिवसांत मूल व्हायचं आणि मग कायमचं मूलच राहायचं. शाळेत जायचं, मार्क आणायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच शाळेत. मोठी माणसंही आहेत तशीच. घर वाढत जायचं, सामान वाढत जायचं, माणूस जागचा हलत नव्हता.

दुसऱ्या भागात माणसं म्हातारी होतात एवढं मी ऐकलं होतं. क्लासच्या सरांची परवानगी घेतली, बॅचेस संपल्यावर इन्स्टॉल करायला बसले. साडेतीन जीबी जागा लागत होती; त्यासाठी जुन्या पत्रिकांच्या फाइली सीडीवर उतरवाव्या लागल्या. तिसरी सीडी आत गेली आणि लाइन गेली. त्या वर्षी भारनियमन असं होतं की घड्याळापेक्षा लाइनच्या वेळा जास्त पाठ होत्या. यूपीएस दहा मिनिटं टिकायचा. तीन संध्याकाळी मी पहिल्या सीडीपासून सुरुवात केली, चौथ्या संध्याकाळी तो बसला.

सुरू केल्याबरोबर मी ओळखीचं घर शोधलं. पहिल्या भागात गॉथ नावाचं कुटुंब होतं. मॉर्टिमर, त्याची काळ्या केसांची बायको बेला आणि छोटी कॅसांड्रा. दुसऱ्या भागात त्यांच्या गावात पंचवीस वर्षं उलटून गेलेली दाखवली आहेत. मॉर्टिमरचे केस पांढरे झाले होते. कॅसांड्रा लग्नाची होऊन बसली होती. तिला मागून एक भाऊ झाला होता, आणि बेला घरात नव्हतीच, बेपत्ता झाली होती. मी माउस सोडून नुसती बघत राहिले. एखाद्या गावी बऱ्याच वर्षांनी पाहुणं म्हणून जावं, दारात वेगळीच पोर उभी दिसावी आणि ही तीच का, असं विचारावं लागावं, तसं झालं.

त्या रात्री मी वहीवर हिशेब मांडला. बाळ तीन दिवस, रांगतं मूल चार दिवस, शाळकरी आठ, तरुण पोर पंधरा आणि मोठा माणूस एकोणतीस दिवस. बेरीज ५९. खेळातला एक दिवस साध्या वेगात आपल्या चोवीस मिनिटांचा. म्हणजे जन्मापासून म्हातारपणाच्या उंबरठ्यापर्यंत आपले चोवीस तासही पूर्ण लागत नाहीत. त्यापुढचं म्हातारपण किती, ते प्रत्येकाचं वेगळं, आधी सांगता येत नाही. ज्याने हे ठरवलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. बाकी सगळे आकडे ठरलेले ठेवले आणि शेवटचा तेवढा मोकळा ठेवला.

मे महिन्यात बॅचेस कमी असायच्या. एमएस-सीआयटीच्या मुली प्रॅक्टिकल संपल्यावर एसटी येईपर्यंत क्लासमध्येच थांबायच्या. एकदा त्यांनी माझ्या मागून स्क्रीनवर डोकावलं, आणि मग रोजच चार-पाच जणी मोठ्या मशीनभोवती खुर्च्या ओढून बसू लागल्या. शिकवणारी म्हणून मी एक गोष्ट लगेच टिपली. या मुली इंग्रजीला घाबरायच्या. मेनू उघडला की हात थांबायचा. पण या खेळातली माणसं जी भाषा बोलतात ती कोणाचीच नाही. स्टीफन कियरिन आणि जेरी लॉलर या दोन कलाकारांनी आयत्या वेळी सुचतील तसे आवाज काढून ती घडवली आहे. रागावलं, लाडात आलं, रडलं, एवढंच त्यातून कळतं. पवनीच्या पोरीला ते जेवढं कळतं तेवढंच अमेरिकेतल्या पोरीला. मुली धीट झाल्या. महिनाभर शिकवूनही ज्यांना ड्रॅग करणं जमत नव्हतं, त्या भिंत ओढताना ते आपसूक करू लागल्या.

त्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते चेहऱ्यांचं. दुसऱ्या भागात मूल आईबापावर जातं, कधी आजा-आजीवर. बाळ मोठं झालं की सगळ्या जणी स्क्रीनला नाक लावून बघायच्या. ‘‘डोळे बापाचे हायेत.’’ ‘‘नाक आज्यावर गेलं पाहा.’’ आपल्याकडे बारशाला बायका जे करतात तेच. पहिल्या भागात हे कोणी केलं नसतं. तिथे चेहरा हा कपड्यासारखा निवडायचा असायचा.

या मुलींत एक होती वैनगंगेकाठच्या गावची. तिचं गाव गोसेखुर्दच्या पाण्यात जाणार होतं. धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झालं; ही तेव्हा एक वर्षाची. ती रांगत होती तेव्हापासून घरात ‘गाव उठणार’ हे बोलणं चालू. ती चालायला लागली, शाळेत गेली, बारावी झाली, गाव अजून जागेवरच होतं आणि अजून उठणारच होतं. तिकडे तेहतीस दरवाजांची ती लांब भिंत उभी राहत गेली. अशा गावात कोणी घर नीट करत नाही. कवेलू फुटलं तर फुटकंच राहतं, भिंत खचली तर टेकू लावतात. उद्या सोडायचंच आहे तर पैसा कोण घालणार? तिच्या बोलण्यात हे सहज यायचं, तक्रार म्हणून नाही.

एक दिवस तिने विचारलं, ‘‘मॅडम, आमचं घर बनवता येईन का यात?’’

मी उठून तिला खुर्ची दिली.

तिने आधी सपरी काढली. आमच्या झाडीपट्टीत घराच्या पुढच्या पडवीला सपरी म्हणतात. तिथे पाहुणा बसतो, धानाची पोती उतरतात, पावसाळ्यात बैलाचं सामान टांगलं जातं आणि म्हातारं माणूस दिवसभर तिथून रस्ता बघतं. बाकीच्या मुली हॉलपासून सुरुवात करायच्या, सोफा कुठे ठेवू म्हणायच्या. हिने अख्ख्या जागेत पहिली रेघ सपरीची ओढली, मग तिच्यामागे माजघर, स्वयंपाकाची खोली, धानाची खोली. छपराला लालसर खापरांसारखा नमुना मिळाला तो लावला. मागे गोठा बांधला. त्या खेळात गाय-बैल नाहीत, त्यामुळे गोठा रिकामाच राहिला, पण तिने तो पाडला नाही. जेवायला खाली बसता येत नाही, याचं तिला वाईट वाटलं. टेबल-खुर्च्या ठेवल्याशिवाय माणसं ताट हातात घेऊन उभी राहतात. ‘‘पंगतीत वाढणाऱ्यासारखे उभे हायेत सारे,’’ ती म्हणाली आणि नाइलाजाने एक टेबल ठेवलं.

मग माणसं करायची वेळ आली. एका घरात आठच माणसं ठेवता येतात. तिच्या घरी अकरा. तिने बोटं मोजली. काका-काकू नागपूरला कामाला असतात, ते सुटले. राहिले नऊ. मी वाट बघत होते की आता लहान चुलतभावाला वगळेल. तिने जराही न थांबता स्वतःला वगळलं.

‘‘मी तं लगन होऊन जाईनच,’’ ती म्हणाली आणि पुढचं बटण दाबलं.

आजीला तिने मन लावून केलं. पांढरे केस, गालाची हाडं वर, हनुवटी बारीक. साडी नव्हतीच, त्यातल्या त्यात लांब झगा दिला. सपरीत बाक ठेवला आणि खेळ चालू केला. आजी उठली, सपरी ओलांडून आत गेली आणि टीव्हीपुढे बसली. हिने क्लिक करून तिला परत बाकावर आणलं. थोडा वेळ बसली, पुन्हा उठून आत. असं पाच-सहा वेळा झालं. ‘‘आजी टीव्हीकडेच पळते व,’’ ती रडवेली होऊन म्हणाली. ‘‘आमच्या घरी टीव्ही हाये, पन आजी पाहतच नाई.’’

याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. तिथे माणसाला पूर्ण स्वतःचं असं डोकं दिलेलं नाही. घरातली प्रत्येक वस्तू माणसांना साद घालत असते. शेगडी म्हणते, मी भूक भागवते. पलंग म्हणतो, माझ्याकडे आराम आहे. टीव्ही म्हणतो, मी करमणूक करतो. माणसाला ज्याची गरज आणि ज्याची साद मोठी, तिकडे तो जातो. बाकाची साद क्षीण असते. तो फक्त थोडासा आराम देतो. रस्ता बघण्यात जे सुख आहे त्याचा आकडा त्या बाकावर कोणी लिहिला नव्हता.

तिने टीव्ही विकून टाकला. आतला सोफाही विकला. बाक सपरीच्या अगदी कडेला, रस्त्याकडे तोंड करून सरकवला. आता बसायची बरी जागा तेवढीच उरली. आजी येऊन बसली. रस्त्याने गावातली माणसं जात-येत असतात. एक जण थांबला, आजीने उठून त्याला हात केला, तो फाटकातून आत आला आणि दोघं त्या न कळणाऱ्या भाषेत बोलत उभी राहिली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी ती उठेना. शेवटी मैत्रिणीने पर्स ओढली.

या खेळाची जन्मकथा मी नंतर वाचली, आणि ती वाचताना मला ही मुलगीच आठवत होती. खेळ बनवणारा विल राइट कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला राहायचा. २० ऑक्टोबर १९९१ ला तिथल्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यात त्याचं घर सामानासकट जळालं. पुन्हा शून्यातून घर मांडताना माणसाला नक्की काय काय लागतं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. सुरुवातीला त्याला घरबांधणीचाच खेळ करायचा होता. छोटी माणसं फक्त घर चांगलं की वाईट हे दाखवायला ठेवली होती. कामाचं नाव होतं ‘डॉलहाउस’. बाहुलीघर कोण खेळणार, म्हणून कंपनीत ते बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. खेळ निघाला ४ फेब्रुवारी २००० ला. दुसरा भाग १४ सप्टेंबर २००४ ला आला आणि पहिल्या दहा दिवसांत त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

राइटवर क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाचा प्रभाव होता. अलेक्झांडरचं १९७७ चं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे पुस्तक माणसाला घरात-गावात कशामुळे बरं वाटतं याचे २५३ नमुने मांडतं. त्यातला २४२ वा नमुना आहे दाराबाहेरचा बाक. दारापाशी, घर आणि रस्ता यांच्या मधोमध बसायला जागा हवी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी, असं तिथे सांगितलं आहे. ही आमची सपरीच. आणि हा माणूस भारतातल्या खेड्यात राहून गेलेला. १९६४ च्या त्याच्या पुस्तकात नमुना म्हणून एक भारतीय खेडंच घेतलं आहे. त्या गावाच्या गरजांची १४१ कलमी यादी शेवटी जोडली आहे. म्हणजे विचार इकडच्या एखाद्या ओसरीवरून निघाला, कॅलिफोर्नियाला गेला, खेळात शिरला आणि चार सीड्यांतून पवनीला आला, तेव्हा बाक शिल्लक होता, पण बाकावर बसण्यातलं सुख वाटेत गळून पडलं होतं. आमच्या मुलीने ते टीव्ही विकून परत आणलं. या खेळाबद्दलची माझी सगळ्यात मोठी कुरकुर हीच आहे. दुसऱ्या भागाने माणसाला वय दिलं, आठवणी दिल्या, रक्ताचं नातं दिलं. जागेशी असलेलं नातं काही त्याला देता आलं नाही. त्यातली माणसं कुठल्याही घरात सारखीच सुखी होतात.

हे दुसऱ्यांदा कळलं ते असं. एका मैत्रिणीने नुसतं गंमत म्हणून एक कुटुंब त्याच्या घरातून हलवलं. बटण दाबताच घराची, भिंतींची, सामानाची सगळी किंमत त्या कुटुंबाच्या नावावर जमा झाली. आमची मुलगी पुढे वाकली. आकडा पुन्हा वाचला.

‘‘मॅडम, यायले तं लगेच मोबदला भेटला.’’

हसली नाही कोणीच. पाचांपैकी तिघी बुडीत गावांच्या होत्या.

जूनच्या सुरुवातीला, रोवणीच्या आधी, तिची खेळातली आजी गेली. आम्हाला अंदाज होता, म्हातारपणाची पट्टी भरत आली होती. तरी मुली दचकल्या. काळ्या झग्यातला यम येतो, हातात कोयता. पण माणूस समाधानी असेल तर त्याच्यासोबत हार घातलेल्या नाचणाऱ्या बायका येतात आणि म्हातारी बॅग उचलून हसत निघून जाते. आजी हसत गेली. सून तोंडावर हात घेऊन रडली, पोरं गोळा झाली, आणि घरात एक कलश उरला. कोणीतरी हळूच विचारलं, ‘‘तेरवी?’’ तेरवी नव्हती. थोड्या वेळाने सून उठून स्वयंपाकाला लागली.

‘‘बंद करा, मॅडम,’’ ती म्हणाली. सेव्ह करू का, असं स्क्रीन विचारत होतं. तिने ‘नाही’वर क्लिक केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आजी बाकावर. पुढे जितक्या वेळा तो दिवस जवळ आला तितक्या वेळा तिने न साठवता खेळ बंद केला. मी काही म्हटलं नाही.

खेळातली आजी गेली त्याच संध्याकाळी मला एक तेरवीची पत्रिका करायची होती. कुटुंब ओळखीचं होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच दोन वर्षांपूर्वी केली होती. जुनी फाइल उघडली, नावं तयार होती. निमंत्रकांच्या यादीतलं आजोबांचं नाव उचलून वर घेतलं, त्याच्या आधी ‘कै.’ लावलं, मागचा लाल रंग काढला. हे काम मी तोवर शेकडो वेळा केलं असेल. त्या दिवशी हात सावकाश चालला. आमच्या त्या मशीनमध्ये गावागावांतल्या घराण्यांच्या फाइली होत्या. कोणाचं नाव कधी वरच्या ओळीत आलं, कोणाच्या नावाला ‘चि.’ जाऊन ‘श्री.’ लागलं, कोणाला ‘स्व.’ लागलं, सगळं तारखेनिशी. तो खेळ येईपर्यंत त्याकडे मी नुसतं टाइपिंग म्हणून बघत होते.

जुलैत बॅचेस भरल्या, मोठं मशीन कामाला लागलं, खेळ मागे पडला. पुढच्या दिवाळीत हार्ड डिस्क गेली, त्यात ते घरही गेलं. पत्रिका सीडीवर होत्या म्हणून वाचल्या.

पुढच्या वर्षांत गावं उठत गेली. आमच्या कामात ते पत्त्याच्या ओळीत दिसायचं. गावाचं नाव तेच, पुढे कंसात ‘पुनर्वसन’. पहिल्यांदा लोक विसरायचे, छापून झाल्यावर धावत यायचे की पाहुणे जुन्या गावाच्या वाटेला लागतील, ‘पुनर्वसन’ टाका. मग मीच विचारू लागले.

२०११ च्या मार्चमध्ये ती आली, सोबत भाऊ. तिचं लग्न ठरलं होतं. मजकूर हाताने लिहून आणला होता, अक्षर तेच गोल. मी टाइप करत गेले, ती बाजूला बसून स्क्रीन बघत होती. पत्त्याच्या ओळीत मी गावाचं नाव टाइप केलं, सवयीने कंस उघडला.

‘‘ते लिवा, पन बारीक,’’ ती म्हणाली. ‘‘गावाचं नाव मोठं.’’

मी गावाचं नाव दोन आकड्यांनी वाढवलं. मग निमंत्रकांची नावं आली. पहिलंच नाव आजीचं होतं आणि नुसतं ‘श्रीमती’ लिहिलेलं होतं. मी थांबून तिच्याकडे पाहिलं.

‘‘हाये अजून,’’ ती म्हणाली. ‘‘नव्या घराले सपरी नाई. बाबानं दारासमोर खाट टाकून देल्ली. तिथंच बसते.’’